हापूसचे मेल स्पॅममध्ये जातायत, सब्जेक्ट कसा लिहू?

देवगडकर: घरचा आंब्याचा धंदा आहे, जुन्या गिऱ्हाइकांना सीझनचे मेल टाकतो पण जीमेलवाल्यांच्या स्पॅममध्येच जाऊन बसतात. सब्जेक्ट बदलून काही होईल का?

मेलवाली: सब्जेक्ट नंतर हो, आधी डोमेनला (मेल पत्त्यात @ च्या पुढचं नाव) एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क लावलंय का बघा, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे तपासायच्या सेटिंग्ज. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही कंपल्सरी केलंय, वर एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब पण हवं आणि स्पॅम रिपोर्ट 0.3 टक्क्याच्या खालीच पाहिजेत. तुमचे मेल कमी असले तरी करून टाका.

कोकणी_माणूस: आणि ते 'धमाका ऑफर!!!' बंद करा राव. 'पहिली तोड झाली, पेट्या पुढच्या सोमवारी निघतील' असं सरळ लिहा, मी तरी उघडेन. अख्खं पोस्टर इमेज म्हणून चिकटवू नका, इमेज लोड नाही झाली तर मेल कोराच दिसतो. भाव, डझन, डिलिव्हरी टाइप करा, खाली एकच बुकिंगचं बटण.

मेलवाली: +१. ओपन रेटवर (किती जणांनी मेल उघडला त्यावर) जाऊ नका, 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसी सेटिंग चालू असेल तर न उघडलेला मेलही उघडलेला दिसतो. क्लिक नि ऑर्डरी मोजा.

देवगडकर: डीमार्क होस्टिंगवाला करून देतो का?

मेलवाली: देईल की, डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगची नोंदवही) एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकायचं असतं फक्त.