एफएमजीईच्या आधीच बघायच्या अटी

"एफएमजीईला (परदेशात डॉक्टरकी शिकलेल्यांची भारतातली पात्रता परीक्षा) ३०० पैकी १५० मिळाले की परदेशातली एमबीबीएस इथे चालते" असं लोक म्हणतात. जुन्या बॅचपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) नवे नियम लागू होतात आणि तिथे परीक्षेच्या कितीतरी आधीच माणूस अडकू शकतो. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातला हवा, शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी. फिलिपिन्सच्या चार वर्षांच्या एमडीचं (तिथली एमबीबीएससारखी मूळ डिग्री) घोडं इथेच अडलं, कारण भरतात ४८ महिनेच आणि त्याआधीचा बीएस हा पदवी अभ्यासक्रम धरत नाहीत.

आणखी एक अट सहसा कोणी काढत नाही. त्या डिग्रीवर त्या देशात, तिथल्या नागरिकांसारखाच, प्रॅक्टिसचा परवाना मिळायला हवा. भाचीसाठी चौकशी करताना मी एजंटांना हेच विचारायचो. फी, हॉस्टेल, भारतीय मेस सगळं तोंडपाठ असायचं, यावर मात्र धड उत्तर मिळालं नाही. लोक शेत गहाण टाकून मुलांना पाठवतात हो! पहिला हप्ता भरायच्या आधी हे विद्यापीठाकडून लेखी मागवा, एजंटाकडून नको.