मदत हवी आहे: वर्षभर वाळवंटात फिरायचंय, पण ऊन सोसवत नाही. कोणत्या महिन्यात कुठे राहावं?

भुसावळचे_आप्पा

नमस्कार मंडळी,

रेल्वेतून निवृत्त झालो. मुली आपापल्या घरी सुखी, घरात आता मी आणि सौ. दोघंच. भुसावळचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला जास्त सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५-४६ ला जाऊन बसतो, टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही आणि गच्चीवर टाकलेल्या गाद्या मध्यरात्रीपर्यंत गरमच. नोकरी होती तोवर काढले उन्हाळे. आता कशासाठी काढायचे?

"मग कोकणात जा, महाबळेश्वरला जा" असं जो तो सांगतो. अडचण अशी की हिला दमा आहे आणि दमट हवेत तो उफाळतो. अलिबागला धाकटीकडे गेलो की पंप हातातून सुटत नाही. कोरड्या हवेत मात्र बाई ठणठणीत. मागे हिवाळ्यात जोधपूरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा मेहरानगडाचा चढ ही न थांबता चढून गेली आणि वर जाऊन मलाच विचारते, "तुम्हाला काय झालं धापा टाकायला?" तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपल्याला वाळवंटच मानवतं.

घरात जुनी ईको आहे, पेट्रोलवरची. मागची सीट काढून सुताराकडून फळ्यांचा पलंग करून घेतलाय, खाली भांडी-डबे आणि पाण्याचे जार. एका जागी पंधरा दिवस ते महिना राहायचं, हवा बिघडली की पुढे सरकायचं. पळापळीची सहल नको. गाडीत झोपायचं म्हणजे रात्री इंजिन बंद, पर्यायानं एसीही बंद. म्हणून अट अशी की दुपारी ३२ च्या वर नको आणि रात्री १० च्या खाली नको. थार, कच्छ, जमलं तर लडाखसुद्धा, कारण तेही शेवटी वाळवंटच.

आणखी एक. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई, ही आमची खान्देशातली देवी, बसते. या दोन वेळांना घर उघडं लागतं. त्यात तडजोड नाही, असं मला स्वयंपाकघरातून कळवण्यात आलं आहे.

अशा अटींत बारा महिने बसतात का? कोणी जवळून पाहिलं असेल तर महिनेवार सांगा.

धुळ्याचा_भो

काय आप्पा, आगीतून उठून फुफाट्यात! देशातला उच्चांक फलोदीचा आहे, ५१ अंश, १९ मे २०१६. आपलं भुसावळ त्याच्यापुढे थंड हवेचं ठिकाण म्हणायचं. गाडी मात्र झकास केलीत भो, फोटो टाका.

मारवाडातला_मराठी

आप्पा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं जोधपूर-जैसलमेर भागात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा स्पष्ट सांगतो: तुमच्या अटीत खुद्द थार वर्षातून जेमतेम चार महिने बसतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तुमची १० ची अट मोडतात. जैसलमेरला जानेवारीत दुपारी २४ च्या आसपास, पहाटे ७-८. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य मावळला की भराभर निवते. चुरू, फतेहपूर शेखावाटीकडे तर पारा शून्याखाली गेलेला असतो, गाडीच्या टपावर दव गोठतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत उत्तरेकडे जाऊच नका.

मी असा सरकलो असतो. नोव्हेंबरात जोधपूर, बिकानेर. कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला पुष्करची जत्रा असते, पण गर्दी आणि धूळ पाहता तुमच्यासाठी जत्रा उठल्यानंतरचं पुष्कर बरं. फलोदीजवळ खीचन गाव आहे, तिथे मात्र आठवडाभर राहाच. हिवाळ्यात हजारो कुरजां येतात, म्हणजे आपले कांड्या करकोचे. गावकरी त्यांना वर्षानुवर्षं दाणे टाकत आलेत. सकाळी चुग्गाघराच्या, म्हणजे दाणे टाकायच्या आवाराच्या, शेजारच्या घराच्या गच्चीवर बसायचं. आधी नुसता आवाज येतो, मग एक थवा आभाळात घिरट्या घालून खात्री करून घेतो, आणि एकदा पहिले चार-पाच पक्षी उतरले की बाकीचे असे कोसळतात की जमीन दिसत नाही. फलोदीचं नाव भो यांनी ५१ अंशांसाठी घेतलं, पण नोव्हेंबरात तिथे शाल लागते.

डिसेंबर मध्यापासून जानेवारीअखेर खाली कच्छात उतरा. फेब्रुवारीत पुन्हा वर, जैसलमेर-बाडमेर. माझ्या मते जैसलमेरचा खरा महिना फेब्रुवारीच. दुपारी २७-२८, रात्री अंगावर एक पांघरूण. नाताळातले पर्यटक गेलेले असतात. माघ पौर्णिमेच्या आधीचे दिवस मरु महोत्सवाचे, तेवढ्यात खोल्यांचे भाव चढतात, ते टाळा. समच्या वाळूच्या टेकड्या ४० किलोमीटरवर आहेत, पण तिथे जीपांचा आणि डीजेचा गोंगाट फार. तुम्हा दोघांना खुरी गाव जास्त आवडेल. ईको डांबर सोडून वाळूत घालू नका. रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि ट्रॅक्टरवाला तुमचा चेहरा बघून भाव सांगतो. तनोट मातेच्या दर्शनाला जाल, रस्ता उत्तम आहे, १२० किलोमीटर. पाणी आणि पेट्रोल मात्र जैसलमेरातूनच भरून निघा.

थंडीत गाडीत झोपताना शेगडी किंवा निखारे आत घेऊ नका, काचा बंद करून तर मुळीच नाही. वायू साठतो, वास येत नाही आणि झोपेतला माणूस उठत नाही. दोन गोधड्या जास्त घ्या आणि काच बोटभर उघडी ठेवा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात थारमधून बाहेर पडायचं. होळी झाली की ऊन चावायला लागतं, एप्रिलपासून लू (तापलेले वारे) आणि आंधी (धुळीची वादळं).

रेल्वेवाले आहात म्हणून एक सांगतो: जोधपूर आणि बिकानेर ही दोन्ही विभागीय मुख्यालयं, दोन्हीकडे रेल्वेचं रुग्णालय आहे. तुमचं वैद्यकीय कार्ड बरोबर असू द्या.

मांडवीची_सून

माहेर पाचोऱ्याचं, सासर कच्छात, म्हणून लिहिते. आप्पा, कच्छ म्हणजे सगळीकडे एकच हवा नाही. थंडीच्या बातम्यांत गुजरातेतला सगळ्यात गार गाव म्हणून नलियाचं नाव येतं आणि ते कच्छातच आहे. पांढरं रण पाहायला धोरडोला जरूर जा, भिरंडियाऱ्याच्या नाक्यावर परवाना काढावा लागतो. पण रात्री तिथे मोकळ्यावर गाडीत झोपू नका, वारा हाडात शिरतो. मुक्काम मांडवीला करा. भुजपासून ६० किलोमीटर, समुद्रकाठ, त्यामुळे रात्रीचा गारठा कमी. रुक्मावतीच्या काठावर लाकडी जहाजं अजून हातानं बांधतात, एकेक जहाज वर्ष-दोन वर्षं उभं असतं. आप्पांची सकाळ तिथे सहज जाईल. दाबेली मूळची मांडवीचीच, हे वेगळं सांगत नाही.

काकूंच्या दम्याचं मात्र बघावं लागेल. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे वारा जमिनीवरून येतो, हवा कोरडी असते. मार्चनंतर समुद्रावरून यायला लागतो, उकाडा नसला तरी दमटपणा येतो. तेव्हा "समुद्रकाठी उन्हाळा बरा जाईल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

भुसावळचे_आप्पा

ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मी एप्रिल मांडवीत काढायचा बेत करत होतो, तो रद्द. मारवाडातल्या भाऊंचे तर आभार किती मानू? म्हणजे नोव्हेंबर ते मार्च सुटलं. आता मार्च ते ऑक्टोबर हा खरा घाट.

श्वासविकार

मी या विषयातला डॉक्टर आहे. इथे बसून औषध सांगणार नाही, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या.

"कोरडी हवा म्हणजे दम्याला चांगली" हे अर्धंच खरं. धूळ हाही दम्याचा मोठा शत्रू आणि फार थंड, कोरड्या हवेनंही श्वासनलिका आवळते. शिवाय थार-कच्छात आणि आपल्या खान्देशातही जिकडेतिकडे वेडी बाभूळ माजली आहे, तिच्या परागकणांची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. जोधपूरला काकू गड चढल्या ते हिवाळ्यात. तोच गड एप्रिलच्या आंधीत चढवू नका. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून लेखी योजना घ्या: रोजचा पंप कोणता, त्रास वाढला तर काय, कधी थेट दवाखाना गाठायचा. पंप उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, उतरताना बरोबर घ्या.

लडाखबद्दल: लेह ३५०० मीटरवर आहे. दमा आटोक्यात असेल तर जाता येतं, पण हृदय, रक्तदाब तपासून आणि हळूहळू चढत. हे दोघांनाही लागू. मेहरानगडावर धापा कोणाला लागल्या होत्या ते तुम्हीच लिहिलंय.

चढणीचा_वाटाड्या

आप्पा, उन्हाळ्याचं गणित उंचीचं आहे. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. थारच्या काठावर असा एकच डोंगर आहे, माउंट आबू, १२२० मीटर. खाली आबू रोड स्थानकावर ४१ असेल तर वर ३४-३५. म्हणजे मेमध्ये तुमची ३२ ची अट दुपारी मोडेल, पण रात्र पंख्यावर निघते. मार्चअखेर ते जूनअखेर तिथे खोलीच घ्या. गाडीत झोपायचा हट्ट या तीन महिन्यांत सोडा. मे महिन्यात आणि दिवाळीनंतर गुजरातेतून इतकी माणसं येतात की नक्की तलावाभोवती चालायला जागा नसते. बाजारापासून लांब, देलवाड्याच्या बाजूला बघा.

पावसाळ्यात मात्र आबू सोडा. आजूबाजूचं मारवाड कोरडं आणि हा डोंगर धुक्यात बुडालेला, भिंतींना ओल. काकूंना अलिबागची आठवण येईल.

जुलै-ऑगस्टला कोरडं ठिकाण म्हणजे लेहच. वर्षाचा पाऊस मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास. ऑगस्टमध्ये दुपारी २५, पहाटे १०-११, अगदी तुमच्या चौकटीत. नुब्रात हुंडरला वाळूच्या टेकड्या आणि दोन मदारींचे उंटही भेटतील, पण वाटेत खारदुंग ला हा उंच घाट लागतो, तेव्हा लेहमध्ये चार दिवस रुळल्याशिवाय तिकडे वळू नका.

गाडी घेऊन जाऊ नका. झेलम एक्सप्रेस भुसावळवरून जम्मूला जातेच, पास आहे, वापरा. २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे झाली आहे. श्रीनगरहून टॅक्सीनं सोनमर्ग, कारगिल असे मुक्काम करत लेह गाठा. या वाटेवरचा सर्वांत उंच घाट फोटु ला, ४१०८ मीटर. मनालीच्या वाटेवर ५३०० मीटरपर्यंत चढावं लागतं आणि मध्ये तंबूतले मुक्काम. तुमच्या वयाला ती वाट नको. विमानानंही नको, एकदम वर नेऊन सोडतं.

धुळ्याचा_भो

आखाजीचं काय मग? एप्रिल-मेमध्ये आबूला बसून राहिलात तर लेकी कुलूप बघून परत जायच्या. त्यांनाच आबूला बोलवा ना, हवा खाऊन जातील.

भुसावळचे_आप्पा

भो, हे मी बोलून बघितलं. उत्तर मिळालं की झोका काय नक्की तलावाला बांधायचा का? अंगणातल्या कडुलिंबाला झोका, सांजोऱ्या, गौराईची गाणी, हे सगळं इथेच पाहिजे. तेव्हा आखाजीला आठ दिवस भट्टीत यायचं, हे मान्य केलं. गाडी आबूलाच उभी करून आबू रोडहून अहमदाबाद आणि तिथून नवजीवन एक्सप्रेसनं भुसावळ. हवा तेव्हा कोरडी असल्यानं कूलर तरी लागू पडतो. जुलैत तोच कूलर नुसती ओल फेकतो.

आता बसलेली मांडणी अशी. मार्चअखेर ते जूनअखेर आबू, मध्ये आखाजी. जुलै घरी, पर्याय नाही, पाऊस असतो आणि हिला जपावं लागेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, तिचे रोट (नैवेद्य) झाले की झेलमनं लडाख, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, अर्थात डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या तपासण्या पास झालो तर. मी धरून.

अडलंय ते सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर. लेहला तोवर रात्री गार पडतात आणि आपल्याकडे ऑक्टोबर हीट.

मारवाडातला_मराठी

आप्पा, मान्सून देशातून परत फिरायला लागतो तो पश्चिम राजस्थानातूनच, साधारण १७ सप्टेंबरला. पण म्हणून लगेच जैसलमेरला धावू नका, ऑक्टोबरात तिथे दुपारी ३५-३६ असतात. तो महिना पुन्हा आबू. पाऊस सरलेला, डोंगर हिरवा, गर्दी दिवाळीपर्यंत नाही. दिवाळी घरी करा आणि मग थेट जोधपूर. वाट साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, सुरत, अहमदाबाद अशीच धरा. सेंधव्याकडून इंदूर-उदयपूर गाठता येतं, पण बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेत अडकलात तर दिवस जातो.

भुसावळचे_आप्पा

ठरलं तर. काम सुरू करतो: हिच्या डॉक्टरांची वेळ घेतली, माझीही घेतली (घ्यायला लावली). ईकोच्या खिडक्यांना जाळी बसवायची राहिलीय.

आता एकच मदत हवी. आबूला देलवाड्याच्या बाजूला महिन्याच्या भाड्यानं तळमजल्याची खोली, ओल नसलेली, स्वयंपाक करू देणारी आणि पुढे गाडी उभी राहील अशी. धर्मशाळा असली तरी चालेल. तिकडे कोणाच्या ओळखीचं असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि ऑक्टोबरात गेलं तर भाव कमी करतात का, की वर्षभर एकच सांगतात?

मांडवीची_सून

करतात. पण समोरासमोर, फोनवर नाही. आणि काकूंना बोलू द्या, तुम्ही गाडीत बसा.