मदत हवी आहे: मालिकेतल्या विडी कामगार बाईचा सीन, कॅमेऱ्यावरून कसं लिहू?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, मास कम्युनिकेशन करतीये. मालिकेतला एक सीन घेऊन त्यात एखादा समाजगट कसा दाखवलाय हे कॅमेरा, एडिटिंग, साउंड आणि सेट-कपड्यांवरून लिहायचंय, सोमवारी द्यायचंय आणि मी अडकलीये.

विडी कामगार बाईचा सीन मुद्दाम घेतला कारण माझी आई आजही विड्या वळते. सीन असा की बाई मुलीला घेऊन बंगल्यात उसने पैसे मागायला येते, मालकीण जिन्यावर उभी, कॅमेरा पण जिन्यावरून खाली, त्यामुळे बाई कायम वरूनच दिसते. मालकिणीच्या चेहऱ्यावर तीनदा झूम, प्रत्येक झूमला धाडकन म्युझिक. बाईचा क्लोजअप अख्ख्या सीनमध्ये एकदाच, तोही डोळ्यात पाणी आल्यावर. वस्ती पिवळट मळकी, बंगला लख्ख.

त्याच्या आधी ती घरी विडी वळते तो शॉट बघून आई लगेच म्हणाली, अगं हिची कात्री कुठाय? खरंच, मांडीवर सूप आहे पण कात्री नाही. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, आणि मजुरी हजार विड्यांवर, मग मान वर करायला सवड कुणाला असते? मालिकेतली बाई खिडकीबाहेर बघत उसासे टाकतीये. बोलणं पण तेच ठरलेलं "म्या", "व्हय". आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी विडी कामगार बायका घरी तेलुगू बोलतात, त्यांच्या मराठीला वेगळाच हेल असतो, तो कुठेच नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं.

अडचण ही की सर म्हणाले हाय अँगल (वरून खाली घेतलेला शॉट) म्हणजे दुबळेपणा हे पाठ केलेलं वाक्य आहे, पुरावा दे. आणि रोजच्या मालिकेत एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे लावून घाईत शूट करतात, जिना होता म्हणून अँगल आला असं कुणी म्हटलं तर मी काय सांगू?

प्रतिसाद:
ताई, सरांचं बरोबर आहे, एकट्या अँगलला अर्थ नसतो. त्याच एपिसोडमध्ये मालकीण खाली उभी असताना कॅमेरा कुठे आहे ते बघ, तेव्हा तो डोळ्यांच्या लेव्हलला येत असेल तर जिन्याचं कारण टिकत नाही. दिग्दर्शकाच्या मनात काय होतं ते सिद्ध करत बसू नकोस, पडद्यावर काय होतं ते लिही. आणि कट मोज, म्हणजे शॉट कुठे आणि किती वेळा बदलतो ते. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने 1920 च्या आसपास दाखवलं होतं की चेहरा तोच ठेवून पुढचा शॉट बदलला की लोकांना त्या चेहऱ्यावरचा भावच वेगळा वाटतो. एकदा आवाज बंद करून बघ, एकदा नुसता ऐक.

धागाकर्ती:
दादा खूप आभार, आत्ताच आवाज बंद करून बघितलं. बाई बोलतीये तरी पडद्यावर बराच वेळ मालकीणच आहे, मुलीचा तर एकटीचा शॉटच नाही! आणि मालकीण हॉलमध्ये फोनवर बोलते तिथे कॅमेरा सरळ समोर आहे. हेच आधी लिहिते. फक्त एक सांगा, आई कात्रीबद्दल जे बोलली ते असाइनमेंटमध्ये घेतलं तर चालेल का, आणि कुठल्या भागात घालू, सेट-कपड्यांच्या की कॅमेऱ्याच्या?