जुनी ट्रॅव्हलर मोटरहोम: सकाळी सेल्फ जड, चार्जिंग कमी, घाटात गाडी ओढत नाही

रानवाट
गाडी २००६ ची टेम्पो ट्रॅव्हलर, २.४ लिटरचं बिनटर्बो ओएम ६१६ इंजिन, मायको इनलाइन डिझेल पंप. मागची बॉडी फोडून मोटरहोम करून घेतलेली आहे. पुढची बॅटरी ८० एएच (अँपिअर-अवर), घराकडची १५० एएच ट्यूब्युलर, मध्ये आयसोलेटर रिले (इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच). मागे १२ व्होल्टचा फ्रिज, पाण्याचा पंप आणि दिवे.

१) थंड हवेच्या ठिकाणी मुक्काम केला की सकाळी सेल्फ जड फिरतो. बराच वेळ मारल्यावर इंजिन लागतं, पांढरा धूर येतो आणि दोन-तीन मिनिटं मिस मारतं. नंतर ठीक.
२) इंजिन चालू असताना बॅटरीचा लाल दिवा मंद पेटलेला असतो, अंधारातच दिसतो. मागची बॅटरी दिवसभर गाडी चालवूनही भरत नाही.
३) लांब घाटात पिकअप हळूहळू मरतो. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालते.

मिस्त्री अल्टरनेटर, पुढची बॅटरी आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) तिन्ही बदला म्हणतो. आधी काय तपासावं?

बाराव्होल्ट
आत्ता काहीही बदलू नका. मल्टिमीटर घ्या आणि व्होल्टेज कुठे गळतंय ते शोधा. जुन्या गाडीत बहुतेक वेळा पार्ट शाबूत असतो, त्याच्यापर्यंत जाणारी तार आणि अर्थिंग मेलेलं असतं.

आधी सेल्फ. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. मग एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मोजायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. पिन खुंटावरच टेकवा, क्लॅम्पवर नाही, नाहीतर खुंट आणि क्लॅम्पमधला खराब जोड मोजमापातून सुटतो. ०.२-०.३ व्होल्ट चालेल, अर्ध्याच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असल्याने ब्लॉक ते चॅसी ही विणलेली पट्टी हाच सेल्फचा परतीचा रस्ता. ती कुजली की सेल्फ जड होतो आणि दोष बॅटरीवर जातो. हेच माप बॅटरी पॉझिटिव्ह ते सेल्फचा जाड बोल्ट असं घ्या, अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.

आता चार्जिंग. इंजिन साधारण १५०० आरपीएमवर, हेडलाइट आणि फ्रिज चालू. बी-प्लस बोल्ट (अल्टरनेटरचं बाहेर करंट देणारं जाड टोक) ते अल्टरनेटरची बॉडी किती, पुढच्या बॅटरीवर किती, मागच्या बॅटरीवर किती, तिन्ही आकडे इथे टाका. मंद दिव्याचं कारण असं, की दिव्याच्या एका टोकाला अल्टरनेटरचा डी-प्लस (दिव्याची तार बसते ते बारीक टोक) असतो आणि दुसऱ्या टोकाला की-स्विचमधून येणारा बॅटरीचा सप्लाय. दोन्ही सारखे असले की दिवा विझतो, फरक पडला की मंद पेटतो. हा फरक डायोड गेल्यामुळे पडतो, किंवा बी-प्लसची तार वा की-स्विच व्होल्टेज खात असल्यामुळे. डायोडसाठी मीटर एसीवर लावून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड संशयित.

आणि कळकळीची विनंती: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची पद्धत कुणालाही करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि धड असलेले डायोड तिथेच जातात.

फीडपंप
इलेक्ट्रिकलचं वरती नीट आलंय, मी डिझेलकडचं लिहितो.

पांढरा धूर आणि थंडीत मिस मारणं म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि पहिला संशय हीटर प्लगवर (स्टार्ट करताना आतून ऊब देणारा प्लग). इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे. प्री-चेंबर (डिझेल आधी जिथे फवारलं जातं तो छोटा कप्पा) गार असताना हीटरशिवाय ते नीट पेटतच नाही. प्लगवरची वायर काढा आणि २१ वॉटचा बल्ब बॅटरी पॉझिटिव्ह ते प्लगचं टोक असा लावून बघा. लख्ख पेटला तर प्लगची कॉइल जिवंत, नाही पेटला तर प्लग गेला. चारही चांगले निघाले तर प्लगच्या टोकाला सप्लाय येतो का ते पाहा. रिले आणि त्याची मोठी पट्टी-फ्यूज अनेकदा चिरलेली असते, नुसत्या नजरेला कळत नाही. प्लग काढलेच तर भोकातला कार्बन साफ करून घ्या, नाहीतर नवा प्लगही लवकर जळेल. एक दोन गेले असतील तर चारही बदला. आणि हीटर प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे अजिबात मारू नका. तापलेल्या प्लगवर ईथर वेळेआधीच पेटतो, पिस्टन आणि रिंगांचं नुकसान होतं.

दुसरं, सकाळी सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा पंप) घट्ट होईपर्यंत दाबून बघा. त्या दिवशी गाडी पटकन लागली तर लाइन रात्रीत एअर धरतेय, डिझेल टाकीकडे परत उतरतंय. नाक वर करून उभी केली की हे जास्त होतं. अशी गळती बाहेर थेंब दाखवत नाही, कारण टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हा भाग ओढीवर असतो. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा, बुडबुडे डोळ्यांना दिसतील. कडक झालेला रबरी पाइप, बँजो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर आणि प्रायमरची सील बहुधा जबाबदार असतात.

घाटातल्या तक्रारीसाठी: पिकअप मेला की लगेच टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला तर टाकीचा व्हेंट (हवा आत यायची वाट) बंद आहे. मोटरहोमच्या कामात व्हेंटचा पाइप नव्या फ्लोअरखाली दबल्याची शक्यता मोठी. आवाज नाही आला तर डिझेल फिल्टर आणि टाकीतली जाळी पाहा.

रानवाट
दोघांचेही आभार. आकडे असे:

सेल्फ मारताना निगेटिव्ह बाजू ०.९, पॉझिटिव्ह ०.४. बॅटरी रात्रीनंतर १२.६.
चार्जिंग: बी-प्लसला १४.३, पुढच्या बॅटरीवर १२.९, मागच्या बॅटरीवर १२.२. एसी ०.०४.
हीटर: दोन आणि चार नंबरवर बल्ब पेटत नाही.
प्रायमर मारून काही फरक नाही. घाटात झाकण उघडल्यावर जोरात फुस्स झालं आणि पिकअप लगेच परत आला.

मागच्या बॅटरीची तार ६ स्क्वेअर एमएमची आहे.

बाराव्होल्ट
म्हणजे अल्टरनेटर, बॅटरी आणि नोझल, तिघंही सध्या सुटले.

निगेटिव्हला ०.९ हे फार झालं. ब्लॉक ते चॅसी आणि चॅसी ते बॅटरी या दोन्ही जागा घासून चकचकीत करा, पट्टी नवी टाका, शक्यतो ५० स्क्वेअरची एक केबल बॅटरी निगेटिव्ह ते ब्लॉक थेट न्या. बी-प्लस ते बॅटरी १.४ व्होल्ट गळतायत. ती केबल २५ स्क्वेअरची करा, थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या. त्यानंतरही दिवा मंद पेटला तर हेडलाइटचा करंट की-स्विचमधून जातोय का बघा आणि तो रिलेवर घ्या.

मागच्या बॅटरीचा हिशेब सोपा आहे. ६ स्क्वेअर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ३.१ मिलिओहम. जाऊन-येऊन १० मीटर आणि २० अँपिअर धरले तरी ०.६ व्होल्ट तारेतच जातात. २५ स्क्वेअरला तेच ०.१५ होतं. ट्यूब्युलर बॅटरीला १४.४ च्या जवळपास मिळाल्याशिवाय ती पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेली राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं. या केबलला दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा मिडी फ्यूज (बोल्टने बसणारा मोठा फ्यूज) लावा. दोन्ही बाजूंना बॅटरी आहे. एकाच टोकाला फ्यूज लावला तर मधे तार घासून शॉर्ट झाल्यावर दुसरी बॅटरी ती जाळेल. पुढे लिथियम टाकायचा विचार असेल तर हा साधा रिले काढून डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी ठराविक व्होल्टेजने भरणारा) लावावा लागेल.

फीडपंप
व्हेंटचा पाइप दबलेल्या जागी कापून नवा टाका, तोंड खाली वळवून चाकांच्या चिखलापासून दूर ठेवा. डिझेल फिल्टरही याच वेळी बदला. नवा फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून बसवा आणि फिल्टरवरच्या ब्लीड स्क्रूतून फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर मारा.

हीटर बदलल्यावरही थोडा मिस राहिला तर नोझलआधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) तपासा. मूळ ओएम ६१६ ला थंड इंजिनावर इनलेट ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी गॅप असतो. एक्झॉस्टचा गॅप कमी झाला की थंडीत कॉम्प्रेशन गळतं आणि लक्षणं हुबेहूब हीटर गेल्यासारखी दिसतात.