दादा बोइंगवाला, भावोजी एअरबसवाले. मी कुणाचं ऐकू?

प्रश्न:
सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) हातात आहे, टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची परवानगी) कशाचं करू ते ठरत नाहीये. दादा ७३७ उडवतो, भावोजी ए३२०. गणपतीत मोदक राहिले बाजूला, दोघं कॉकपिटमधल्या टेबलावरून जुंपले! भावोजी म्हणे, "आम्ही ताट टेबलावर ठेवून जेवतो, तुम्ही मांडीवर." दादा म्हणे, "उतरताना तुमचं विमान तुम्हालाच 'रिटार्ड' म्हणतं."

उत्तर १:
अहो, ती शिवी नाही. थ्रस्ट लिव्हर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारे दांडे) मागे घ्या, एवढंच.

उत्तर २:
मी दोन्ही उडवलीत, आता निवृत्त. टेबलाचं सोड. ए३२० च्या दोन साइडस्टिक (विमान वळवायच्या, बाजूला बसवलेल्या दांड्या) एकमेकींना जोडलेल्या नाहीत, शेजारचा काय करतोय ते हाताला कळत नाही. ७३७ चे योक (पायलटसमोरची स्टिअरिंगसारखी हँडलं) दोन्हीकडे एकदम हलतात. भांडायचंच तर यावर भांडा. बाकी ७३७ चं पहिलं उड्डाण १९६७ चं. डोक्यावरचं पॅनल बघून मला आजीचं फडताळ आठवायचं. भरती जिथे निघेल तेच रेटिंग कर. पैसे वडिलांचे आहेत ना?

प्रश्नकर्ती:
हो काका, कर्ज काढून. 'आजीचं फडताळ' दादाला वाचून दाखवलं. तो तुमचा नंबर मागतोय.