मदत हवी आहे: पुराआधी इन्व्हर्टरची बॅटरी कशी हलवायची?

सांगलीत गावभागात तळमजल्यावर राहतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकतंय, धोका पातळी ४५. २०१९ ला घरात छातीभर पाणी होतं, त्यामुळे 'बघू उद्या' म्हणायची हिंमत नाही.

कागदपत्रं, धान्य, गाद्या वरच्या शेजाऱ्यांकडे पोचल्या. आईला सकाळी मिरजेला मावशीकडे सोडतोय. अडलंय ते बॅटरीपाशी. ॲसिडवाली, जड, जिना अरुंद, उचलणारे आम्ही दोघंच. आडवी झाली तर ॲसिड सांडणार. वायरमन फोन उचलत नाही (आज कोण उचलेल म्हणा). मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरमधून करंट येतो, एवढं माहीत आहे. इन्व्हर्टर बंद करून वायरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची की पॉझिटिव्ह? आणि न कलंडता जिना कसा चढवायचा?