शिरोलीत जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, धंदा नीट चालवायला नेमकं काय शिकू?

शिरोलीकर_व्हीएमसी
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझं वर्कशॉप आहे. एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), एक सीएनसी टर्निंग (तसंच लेथ), पाच माणसं. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. डिप्लोमा झालाय, मशीनवर हात चांगला बसलाय. अडतंय ते बाकी सगळ्यात. पुण्याचा परचेसवाला समोर बसला की दर सांगताना घशाला कोरड पडते, मग तो म्हणेल तो दर. पैसे तीन-तीन महिने अडकतात. एका बिझनेस कोचचा व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स आहे, फी 40,000. करू का? दुसरं काही शिकण्यासारखं असेल तर तेही सांगा.

उद्यमनगर_काका
भावा, कोर्सचं नंतर बघू. आधी तुझ्या व्हीएमसीचा तासाचा खर्च किती, ते सांग. दर सांगताना माणूस अडखळतो, कारण आपला दर कुठून आला हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. शेजारचा 350 घेतोय म्हणून आपण 340, असा आपल्याकडचा हिशोब.

कागद घे आणि मांड. समजा, मशीनचा हप्ता 55,000, दोन पाळ्यांच्या ऑपरेटरचा पगार 40,000, वीज 18,000, भाड्यातला वाटा 15,000, इन्सर्ट-टूलिंग-कूलंट 12,000. झाले 1,40,000. आता तास. 26 दिवस, आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या म्हणजे 416. बहुतेक जण इथंच भागाकार करतात आणि तासाला 336 रुपये काढून मोकळे होतात. पण सेटिंग, पहिला पीस तपासणं, कास्टिंगची वाट बघणं, लाईट जाणं, हे सगळं वजा कर. चिप खरोखर उडते, म्हणजे धातू कापला जातो, ते तास 270 धर. मग खर्च पडतो 518. म्हणजे 350 ला काम घेतलंस की तासाला 168 रुपयांचा खड्डा. यात तुझा पगार नाही, नफा नाही, रिजेक्शन नाही.

मशीनशेजारी एक वही टांग. ऑपरेटरनं फक्त एवढंच लिहायचं: मशीन कधी थांबली, कशानं थांबली. महिनाभर. त्या वहीतून जे शिकशील ते कुठल्या हॉटेलातल्या सेमिनारमध्ये मिळणार नाही, हे मी मनापासून सांगतोय.

चप्पललाईन_ताई
काकांचं पटलं. मी बोलण्याबद्दल सांगते. आमच्या दुकानात रोज घासाघीस असते. मी नव्या पोरींना एकच शिकवते, दर सांगितला की गप्प बसायचं. आपणच घाबरून लगेच "बघू की, कमी करू" म्हणतो, समोरच्यानं तोंड उघडायच्या आधी. विचारलंच तर कारण सांगायचं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, हाताची शिलाई. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तेही सांगायचं. गिऱ्हाईक कारण ऐकून घेतं. तुम्हीही ड्रॉइंग पुढ्यात ठेवून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कुठला, सेटिंग किती, वेळ किती, हे दाखवा. घरी आरशासमोर नको, घरच्या कुणाला तरी परचेसवाला करून बसवा आणि मोठ्यानं बोला.

आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. स्वतःला पगार ठरवा, तेवढाच उचला.

राजारामपुरी_सीए
पैशांचं मी सांगतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? ऑनलाइन होते, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, पण ती शेवटची पायरी, कारण गिऱ्हाईकही सांभाळायचं असतं. त्याआधीचा सोपा उपाय: बिलावर उद्यम नंबर आणि मुदत छापा. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळं मुदतीत पैसे दिले नाहीत तर तुमच्या गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. त्यामुळं मार्च जवळ आला की त्याचाच सीए त्याच्या मागं लागतो.

शिरोलीकर_व्हीएमसी
सगळ्यांचे आभार. उद्यम आहे, पण बिलावर नंबर छापलेला नाही. तासाचा हिशोब आत्ता जेवण झाल्यावर मांडला, 490 च्या आसपास येतोय आणि दोन पार्ट 380 नं चाललेत. अडचण अशी की त्यातला एक पार्ट वडिलांच्या ओळखीतून आलेला आहे. त्यांना दर वाढवा कसं म्हणू?

उद्यमनगर_काका
फोनवर म्हणू नकोस, प्रत्यक्ष जा. जाताना कागद ने. चालू दर कुठल्या वर्षी ठरला, तेव्हा पगार आणि वीज किती होती, आज किती आहे, एवढंच. वडिलांची ओळख मध्ये आणू नकोस, त्यांनाही अवघड होतं. एकदम 490 मागू नकोस. आत्ता थोडी वाढ, पुढची तीन महिन्यांनी, आणि त्या बदल्यात सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) कमी करायला फिक्स्चर (पीस मशीनवर पकडून ठेवणारा साचा) आपण करतो असं सांग. एका सेटिंगला दोनाऐवजी चार पीस बसले तर त्यांचा दर फार न वाढवताही तुझं भागेल. भेट झाली की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक, काय ठरलं ते लिहून.

शिरोलीकर_व्हीएमसी
फिक्स्चरचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि तो 40,000 चा कोर्स?

राजारामपुरी_सीए
आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन एमसीईडीची (महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची) उद्योजकता प्रशिक्षणं कधी आहेत ते विचारा. सरकारी संस्था आहे. तिथं कॉस्टिंग, मार्केटिंग, बँकेची कागदपत्रं यावर बोलणारी माणसं भेटतात.

चप्पललाईन_ताई
आणि तुमच्या शिरोलीच्या उद्योजकांच्या संघटनेच्या, स्मॅकच्या, कार्यक्रमांना जात जा. मागच्या खुर्चीवर बसून परत येऊ नका, एक तरी प्रश्न विचारून या.

उद्यमनगर_काका
त्या 40,000 मधलं निम्मं फिक्स्चरला घाल. आणि ड्रॉइंग घेऊन सोमवारी ये माझ्याकडं, त्या दिवशी आमची सुट्टी असते, निवांत बसून बघू.